‘समेवर येणे’ म्हणजे नक्की काय? हा शब्द आला कुठून?

शास्त्रीय संगीतात सम म्हणजे तालाच्या आवर्तनातली, म्हणजे एका पूर्ण फेरीतली, पहिली मात्रा (ठोका). तीनतालात मात्रा 16; सोळावी संपली की पुन्हा एक, तीच सम. पण नुसतं ‘पहिली’ म्हटलं तर मजा जाते. गायक ताना घेत कुठे कुठे फिरतो, मग मुखडा (बंदिशीचा, म्हणजे बांधलेल्या गीताचा, सुरुवातीचा तुकडा) पकडून तिच्या ज्या अक्षरावर येऊन टेकतो, ते अक्षर समेवर पडतं. पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मांडवात बसाल तेव्हा क्षणभर मंचाऐवजी श्रोत्यांकडे बघा. शेकडो माना एकदम हलतात ना, तीच सम. (एखादी मान अर्धी मात्रा आधीच हलते. तिच्याकडे दुर्लक्ष करा.)

शब्द संस्कृत, अर्थ ‘सारखा, बरोबर’. गाणं आणि ताल एकाच क्षणी सुरू झाले तर त्याला जुन्या ग्रंथांत समग्रह म्हटलंय. गाणं लिहून ठेवायच्या भातखंडे लिपीत समेची खूण फुली. बहुतेक तालांत तिच्यावर टाळी पडते. सात मात्रांचा रूपक मात्र खट्याळ, तिथे समेवरच खाली, म्हणजे टाळी नाहीच!

मराठीत ती स्त्रीलिंगी: ‘सम चुकली’, ‘सम गाठली’. आणि ‘समवर’ नाही हो, ‘समेवर’.