फार्माकोलॉजी डोक्यात राहतच नाही, मॅडम

नर्सिंगच्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात त्या बहुतेक तिसऱ्या सत्रात. पहिल्या सत्रातली फिजिऑलॉजी कशीबशी निघून जाते. मग फार्माकोलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, सुरू होते, सोबत वॉर्डातली पोस्टिंग, ड्रग फाइल (औषधांची माहिती लिहिलेली वही), व्हायवा. आणि खुर्चीत बसल्या बसल्या एकच वाक्य कानावर येतं, "मॅडम, कितीही वाचलं तरी डोक्यात राहतच नाही." हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की आता एकीची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. तिची परवानगी आहे. नाव बदललं आहे, आणि सात भेटींतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

सुरेखा मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या भेटीत ती ड्रग फाइल घेऊनच आली. पिवळा, गुलाबी, हिरवा हायलायटर फिरवून फिरवून पानावर एक ओळ कोरी उरली नव्हती. पहाटे चारला उठून मोठ्याने वाचायची, दुपारपर्यंत सगळं पुसलेलं. इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, नापास झाली होती. पण तिला खरं लागलं होतं ते वेगळंच. मेडिसिन वॉर्डात राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर तिला विचारलं गेलं, "डिगॉक्सिन देण्याआधी काय बघशील?" उत्तर तिने आदल्या रात्रीच वाचलेलं होतं. शब्द फुटला नाही. "एखादा पेशंट मारशील," असं तिला ऐकवलं गेलं, आणि ते वाक्य तिच्या मनात तीन आठवडे घर करून बसलं.

मी विचारलं, "नापास व्हायची भीती वाटते का?"

"नाही मॅडम. पेशंटची वाटते. मला सगळी औषधं पाठ असलीच पाहिजेत. एक जरी विसरले तरी कुणाचा तरी जीव जाईल."

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली. आपल्या त्रासामागे आपलाच एखादा हट्ट असतो, असं ती मानते, आणि मराठीत ती शिकवताना एक सोय आपोआप मिळते. माणसाचा हट्ट आपल्या भाषेत एका अक्षरात मावतो. असलीच पाहिजेत. त्या 'च'वर माझं लक्ष असतं. पण 'च' काढून टाक म्हणून तो निघत नाही, तो खोटा आहे हे समोरच्याला स्वतःच्या अनुभवातून दिसावं लागतं. "घाबरू नकोस, सगळं छान होईल" हे मी कधीच म्हणत नाही. तिच्या भीतीत जबाबदारीची जाणीव होती, ती मला घालवायची नव्हती.

"वॉर्डात इन्सुलिन भरल्यावर सिस्टर काय करतात?"

"दुसऱ्या सिस्टरला सिरिंज दाखवतात. युनिट बरोबर आहेत का ते."

"किती वर्षं नोकरी झाली असेल त्यांची?"

"वीस-बावीस."

"एवढ्या वर्षांत त्यांना पाठ झालं नाही?"

ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "पाठ आहे. तरी दाखवतात."

मी काही बोलले नाही. तिचं तिलाच कळत होतं. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच ताळे प्रत्येक नर्सला पहिल्या वर्षीच शिकवतात. ते कशासाठी असतात? एकटीच्या स्मरणशक्तीवर पेशंटचा जीव टांगायचा नाही, हे या पेशाने फार पूर्वी ठरवून टाकलं आहे. सुरेखा मात्र तोच भार एकटीच्या डोक्यावर घेऊन पहाटे चारला उठत होती.

भीती त्या दिवशी थोडी उतरली. अभ्यास तसाच अडलेला होता. खरी गाठ सुटली चौथ्या भेटीत, आणि ती तास-दीड तासाची भेट मला आजही लख्ख आठवते.

मी तिला फाइल बाजूला ठेवायला सांगितली. "तुझ्या घरात कोण गोळ्या घेतं?"

"आजी. हृदयाचं दुखणं आहे. पायावर सूज येते."

"कुठल्या गोळ्या?"

"एक लघवीची गोळी. ती सकाळीच द्यायची. रात्री दिली तर चार वेळा उठते आणि अंधारात मोरीत पाय घसरतो. मध्यंतरी तिच्या पायात गोळे यायचे, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून पोटॅशियमचं औषध दिलं. आणि एक बारीक गोळी आहे, ती शनिवार-रविवार घ्यायची नाही."

"का नाही?"

"माहीत नाही. असंच लिहून दिलंय."

"त्या गोळीचं नाव?"

तिने डोळे मिटले, बहुधा पाकीट आठवत असावी. मग एकदम माझ्याकडे बघितलं. "मॅडम, डिगॉक्सिन."

मी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. म्हटलं, मी औषधशास्त्र शिकलेली नाही, मला समजावून सांग. मराठीत सांग. तिने आधी किडनीतली ती वाकडी नळी काढली, लूप ऑफ हेन्ले. वर चढणाऱ्या जाड भागावर खूण केली. शरीर तिथून मीठ परत ओढून घेतं, लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, ते ओढणं थांबवते. मीठ लघवीत राहतं, पाणी त्याच्या मागे जातं, सूज उतरते. पण जाताना पोटॅशियमही जातं. पायातले गोळे त्याचेच असणार. मग तिने हृदयाची एक पेशी काढली, तिच्या भिंतीवर एक पंप. "मॅडम, डिगॉक्सिन ह्या पंपावर बसतं. पोटॅशियमलाही तिथेच जागा लागते. दोघांची ओढाताण. पोटॅशियम कमी झालं, की..." पेन थांबलं. "की डिगॉक्सिनला रान मोकळं. तेवढ्याच डोसात ते विषारी होईल. म्हणून पल्स बघायची! छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची. साठच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, सिस्टरला सांगायचं. मळमळ होते का, पिवळं दिसतं का तेही विचारायचं."

वॉर्डात ज्या प्रश्नापुढे ती मुकी झाली होती, त्याचं उत्तर ती न विचारता देत होती. शनिवार-रविवारचं कोडंही तिनेच सोडवलं. हे औषध किडनीतून अगदी सावकाश बाहेर पडतं, अंगातलं निम्मं जायलाच दीड-दोन दिवस लागतात, म्हातारपणी त्याहून जास्त. ते साचू नये म्हणून आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवड्यातले पाचच दिवस ते देतात. (ही सुट्टी डॉक्टरांनीच ठरवायची असते, आपण आपल्या मनाने नाही.)

त्या भेटीने मलाही काही शिकवलं. तोवर मी अशा मुलींच्या भीतीवरच काम करत असे. सुरेखाने दाखवलं की 'च'च्या खाली आणखी एक समजूत दडलेली होती. घरी, मराठीत, आजीच्या उशाशी बसून जे कळतं ते ज्ञानच नाही, आणि इंग्रजी पानावर रंगवलेलं तेवढंच ज्ञान. आपल्याला जे कळतं त्याची आपल्यालाच किंमत नसली की नवं काही टिकायला जागाच मिळत नाही. पुढच्या भेटीत मी तिला सांगितलं की १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने डिजिटॅलिसच्या झाडाबद्दल सविस्तर लिहिलं, तेव्हा स्वतःच कबूल केलं की सुजेवरचा हा उपाय श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती नुस्ख्यातून त्याच्यापर्यंत पोहोचला होता. डिगॉक्सिन त्याच झाडांच्या कुळातलं. ते ऐकून ती खुदकन हसली.

आता ज्या मुली हे वाचत असतील त्यांच्यासाठी. औषधाआधी अवयव काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल, औषध नेमकं कुठे हात घालतं तिथे खूण करा. बरेचसे दुष्परिणाम वेगळे पाठ करावे लागत नाहीत, ते त्याच खुणेतून निघतात. बीटा-एक रिसेप्टर (औषध जिथे बसतं ती जागा) मुख्यतः हृदयात, बीटा-दोन श्वासनलिकांत, एवढं पक्कं असेल तर दोन्ही जागा अडवणारं प्रोप्रानोलॉल दम्याच्या पेशंटला का चालत नाही आणि दम्यावरच्या साल्ब्युटामॉलने छाती का धडधडते, ही दोन्ही उत्तरं एकाच चित्रात सापडतात. आधी मराठीत, कन्नडमध्ये, घरी जी बोलता त्या भाषेत समजावून सांगा, मैत्रिणीला नाहीतर आईला फोनवर. पण तिथे थांबू नका. पेपर इंग्रजीत आहे, तेव्हा तेच उत्तर त्याच दिवशी इंग्रजीत लिहा.

आणि हायलायटर ठेवून द्या. पुन्हा पुन्हा वाचल्याने येतंय असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मी प्रत्येकीला सांगते. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे. आठवताना अडखळायला होतं, लाज वाटते, पण लक्षात राहण्याचं काम त्या अडखळण्यातच होत असतं. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने तोच कोरा कागद घ्या. पहाटे चारला उठायचं तर रात्री नऊला झोपा. झोप तोडून केलेलं पाठांतर टिकत नाही.

मात्र झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

सुरेखा पेपरात पास झाली, काठावर नाही, बऱ्यापैकी मार्कांनी. मला त्याहून मोलाचं वाटलं ते तिने सातव्या भेटीत सांगितलेलं. वॉर्डात तिच्या हातात एक अनोळखी गोळी आली होती. ती म्हणाली, "सिस्टर, ही मला माहीत नाही. वाचून येते, मग देते." आवाज कापला नाही. सिस्टर नुसत्या "जा" म्हणाल्या.

निघताना दारात थांबून तिने विचारलं, "मॅडम, आजीला फोन करून शनिवार-रविवारचं सगळं सांगितलं, तर काय म्हणाली माहितीये?"

"काय?"

"म्हणाली, इतकी वर्षं मला वाटायचं, दवाखाना बंद असतो म्हणून."