मोकळी

प्रिय,

तुझी कथा दोनदा वाचली आणि सोबतचं पत्र चारदा. कथेपेक्षा पत्र बरं लिहितेस. हे कौतुक समजू नकोस, तक्रार आहे.

आजी गेल्यानंतरच्या तिच्या खोलीसाठी तू तीन शब्द काढून ठेवलेस, भकास, उदास आणि सुनीसुनी, आणि विचारलंस की यातला कुठला ठेवू. एकही नको. तिन्ही शब्द वाचकाला 'आता रडा' म्हणणारे आहेत, आणि रड म्हटल्यावर कुणी रडत नाही. आता तुझ्या पत्राचं शेवटचं पान काढ. तिथं घाईत लिहिलेली एक ओळ आहे: 'आजीची खोली मोकळी झालीय, हल्ली तिथंच बसून लिहिते.'

अगं, मोकळी! हा शब्द तुझ्या हातात होता आणि तू कोश उघडून बसलीस?

बदलून बघ. 'खोली रिकामी झाली' म्हण. रिकाम्या खोलीत काही नाही, एवढंच कळतं. मोकळी खोली कुणाला तरी मिळालेली असते. शिवाय माणूसही मोकळा होतो, कामातून, काळजीतून, दुखण्यातून. म्हणजे त्या एका शब्दात आजी सुटली, तिचं करणारे सुटले आणि तुला टेबल मांडायला जागा झाली. त्यात दुःख आहे, थोडा आनंद आहे आणि त्या आनंदाची लाज आहे. 'सुनीसुनी'त यातलं काय आहे? मला वाटतं, कथा लिहिताना तुला 'मोकळी' सुचला होता. निष्ठुर वाटला म्हणून तू तो गाळलास. तसं असेल तर तुझी अडचण शब्दांची नाहीच, आणि तिथं कोश काय करणार?

मला एकच गोष्ट येते, तीच पुन्हा पुन्हा सांगणार: बदलून बघ. शब्द काढ, त्याच्या शेजारचा बसव, वाक्य मोठ्यानं वाच. काही मोडलं नाही, तर पहिला शब्दही तिथं फुकटच बसला होता.

ही माझी अक्कल नव्हे. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या वामन या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या ग्रंथात आहे की जोवर मन हिंदोळतंय तोवर शब्द घालणं आणि काढणं चालूच राहतं. शब्द बदल सोसेनासे झाले की त्याला 'शब्दपाक' म्हणायचं, म्हणजे शब्दांचं पिकणं. त्याच परंपरेतला, दहाव्या शतकातला कुंतक आणखी कडक: इतर कितीही असोत, म्हणायचं आहे ते नेमकं सांगणारा जो एकच, तो शब्द. उदाहरणासाठी तो कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात जातो. बटूच्या वेषातला शिव तप करणाऱ्या पार्वतीला डिवचतोय, की त्या शिवाच्या भेटीची आस धरल्यामुळं चंद्रकला आणि तू, दोघी कीव करण्याजोग्या झाल्यात. शिवाला नावं ढीगभर. कुंतकाच्या पाठात तिथं 'कपाली' आहे, कवटी बाळगणारा. आता बदलून बघ, 'पिनाकी' घाल. वृत्ताला धक्का नाही, देवही तोच. पण तिच्यासमोर धनुष्य घेतलेला वीर उभा राहिला. मग कीव कसली करायची? किळस गेली, तिच्याबरोबर टोमणाही गेला.

आता माझं ऐक. तुझ्या वयाचा असताना मी एक कथा लिहिली होती. घर सोडून गेलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी परत येते. आई दार उघडते आणि म्हणते, 'या.' कथा तिथं संपते. त्याआधीची आठ पानं आई तिच्याशी 'ये', 'जा', 'बस', 'मर' असंच बोलते. ती पानं मी त्या 'या'साठीच लिहिली होती. पोटच्या पोरीला पाहुणी करणारं एक अक्षर. (लाडानंही 'या' म्हणतात, ठाऊक आहे. म्हणून तर आठ पानं लागली. आधीच्या साध्या शब्दांनी जागा करून दिल्याशिवाय एकटा शब्द काही करत नाही. तू मात्र ओळीओळीत रत्न बसवतेस आणि मग कुठलंच चमकत नाही.)

मुद्रितं आली. कुणीतरी 'या'चं 'ये' केलं होतं. चूक वाटली असणार. आई मुलीला 'या' कशाला म्हणेल? मी ते पाहिलं. पेन हातात होतं. पहिलीच कथा छापून येतेय, उगाच वाद कशाला, म्हणून पान उलटलं. कथा आली. लोकांनी कळवलं, शेवट किती मायेचा आहे! आठ पानांवर बोळा फिरला, आणि फिरवणारा मीच. अक्षर बदलणाऱ्याला दोष द्यायची सोयही मी ठेवली नव्हती.

त्यानंतर कुणाला एक काना बदलू दिला नाही. हेकट म्हणून नाव झालं. एका शब्दापायी एक कथा परत मागून घेतली, ती अजून घरात पडून आहे. माझ्या हातून लिखाण कमी झालं ते आळसामुळं, असं तुला कुणी सांगेल. सांगू दे. मी शब्दाला जागलो. निदान इतकी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलोय.

गेल्या महिन्यात ती कथा काढली. ज्या शब्दासाठी भांडलो तो होता 'काहूर'. बदलून बघितलं. 'कालवाकालव' घातलं, 'घालमेल' घातलं. काही म्हणजे काही मोडलं नाही.

राजशेखर या कवीनं 'काव्यमीमांसे'त वामनपंथीयांचं ते शब्दपाकाचं मत सांगून लगेच आपली बायको अवंतिसुंदरी हिचं उत्तर दिलंय. ती म्हणते, हा पाक नव्हे, ही तर अशक्ती. महाकवींचे एकाच विषयावरचे अनेक पाठही पिकलेले असतात. या बाईंवर माझा जुना राग आहे. एकाच शब्दाला कवटाळून बसणाऱ्या माणसाला तिनं हजार वर्षांपूर्वीच ओळखून ठेवलंय. 'काहूर'च्या बाबतीत ती मला हरवते, कबूल. 'या'च्या बाबतीत नाही हरवू शकत. 'या' त्या आईचा होता. 'काहूर' माझा होता. मला तो शब्द आवडायचा, बस्स.

तेव्हा पोरी, बदलून बघायचं ते भांडायच्या आधी. मी भांडून झाल्यावर बघितलं, तेही इतक्या वर्षांनी.

कथा परत पाठवतोय. खुणा केलेल्या नाहीत, तुझ्या तू शोध. 'मोकळी' आत घे आणि कुणी 'अहो, हे जरा कोरडं वाटतं' म्हणालं तर ऐकू नकोस. तिच्या आधीची पानं मात्र उतरवून साधी कर. आणखी एक. पहिल्या पानावर आजीची खाट आहे, पुढं ती कुठंच नाही. खोली मोकळी करताना ती बाहेर काढली असणार, आणि खाट एकटीनं उचलता येत नाही. दुसऱ्या टोकाला कोण होतं?