पत्रिकेत नाव कोणाचं?

"मॅडम, काकांना बाबा म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल का?" मी कौटुंबिक समुपदेशक; हा प्रश्न मला सहसा सात-आठ वर्षांची मुलं विचारतात. गेल्या एप्रिलात तो सत्तावीस वर्षांच्या तरुणाने विचारला. (तपशील बदलले आहेत.)

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या खोलीत कुलर घरघरत होता. त्याने लग्नपत्रिकेचा मसुदा टेबलावर ठेवला. वडील तो आठ वर्षांचा असताना गेले, दोन वर्षांनी आईने दुसरं लग्न केलं. या सावत्र वडिलांना तो काका म्हणतो. आपल्याकडे बाप मुलाच्या नावातच बसलेला असतो. मधलं नाव अर्थात बाबांचं. पत्रिकेत 'यांचे चिरंजीव'च्या जागी काकांचं नाव घातलं, तर महाल भागात राहणारी आत्या म्हणाली, "माह्या भावाले इसरला का रे?" काढून टाकलं, तर सतरा वर्षं घर ओढणारा माणूस आपल्याच घरच्या लग्नात पाहुणा.

"तुझ्यात कोणाचं काय आलंय?" मी विचारलं. बाबांबद्दल तो भरभरून बोलला: अक्षर, चालणं, जुन्या गाण्यांचा नाद. काकांचं म्हणाल तर, "गाडी फिरवून आणली की पेट्रोल मोजतात."

हे मला फार ओळखीचं आहे. गेलेल्या बापाला चुका करायला सवडच मिळत नाही. दहावीच्या मार्कांवरून ओरडायचं, रात्री उशिरा दार उघडून तोंड वाकडं करायचं, हे सगळं हयात माणसाच्या वाट्याला येतं. मी त्याला आत्याकडे पाठवलं, बाबांचे दोष ऐकून यायला. पुढच्या खेपेला तो हसतच आला. बाबा उधारी करायचे, आणि शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरून होते!

हाक बदलायची सक्ती मी कोणत्याच घरात करत नाही. 'काका'च बरं वाटत असेल तर काकाच म्हणा.

बरेचजण वारसा हक्काचंही विचारतात. आईशी लग्न केलं म्हणून सावत्र वडील कायद्याने बाप होत नाहीत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधल्या पहिल्या वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत आधी हक्क असलेल्या, वारसांत सावत्र मुलगा येत नाही. त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करावं लागतं. आईच्या पुनर्विवाहाने मुलाचा जन्मदात्या बापाच्या मालमत्तेतला हक्कही जात नाही. हे मी सांगते, कारण काही घरांत भांडण मायेचं दिसतं आणि असतं वरच्या खोलीचं. इथे तसं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याचा, मुलांनी लाकडी बैल मिरवायच्या सणाचा, विषय निघाला. त्याचा लाकडी बैल बाबांनी आणलेला. काका दर वर्षी चाकं पाहायचे, निघाली असली तर नवी बसवायचे. रंग मात्र कधी दिला नाही.

"का?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, रंग तुह्या बाबानं निवडला, राहू दे."

मग तो बराच वेळ मसुद्याची घडी घालत बसला.

पत्रिका छापून आली ती मलाही मिळाली. 'यांचे चिरंजीव'च्या जागी कै. बाबांचं आणि आईचं नाव, खाली निमंत्रक काका. छापायला देण्याआधी मसुदा काकांनीच वाचला म्हणे, आणि विनीतमध्ये आत्याचं नाव राहिलंय म्हणून परत पाठवला.