वेटरिश समीकरण शिकताना आधी हातानं काय सोडवावं

सोलापुरात एम.एस्सी. करत हा विषय धरला आहेस, तर मोठ्या संगणकाची वाट बघू नकोस. सुरुवातीला वही आणि साधा लॅपटॉप पुरतो.

१९९३ चं वेटरिश समीकरण, म्हणजे संवेगाची मोजपट्टी बदलत नेली की प्रणालीचं वर्णन कसं बदलतं ते सांगणारं रीनॉर्मलायझेशन ग्रुपचं समीकरण, अचूक आहे, पण ते तसंच्या तसं सुटत नाही. काटछाट, म्हणजे अनंत पदांपैकी मोजकीच ठेवणं, करावीच लागते. त्रिमितीतलं आयसिंग मॉडेल (वर-खाली स्पिनचं चुंबकाचं साधं मॉडेल) घे आणि लिटिमचा रेग्युलेटर (मोजपट्टीखालच्या संवेगांचे चढउतार रोखणारं फलन) वापर, कारण त्यात इंटिग्रल हातानं सुटतं. ऱ्हो म्हणजे फील्डच्या वर्गाचा निम्मा. पोटेन्शियल ऱ्हो = कप्पा या किमान बिंदूभोवती उलगड आणि फक्त कप्पा व लॅम्डा (तिथला पोटेन्शियलचा दुसरा डेरिव्हेटिव्ह) ठेव. मितिरहित रूपात समीकरणं अशी येतात (प्रवाह म्हणजे मोजपट्टीच्या लॉगनुसार बदलाचा दर):

कप्पाचा प्रवाह = −कप्पा + १/[२पाय²(१+२·कप्पा·लॅम्डा)²]
लॅम्डाचा प्रवाह = −लॅम्डा + ३·लॅम्डा²/[पाय²(१+२·कप्पा·लॅम्डा)³]

दोन्ही शून्य केलीस, म्हणजे स्थिरबिंदू शोधलास, की २·कप्पा·लॅम्डा बरोबर १/२ निघतं. म्हणजे कप्पा ०.०२२५, लॅम्डा ११.१. स्थैर्य मॅट्रिक्सची (स्थिरबिंदूवरच्या प्रवाहांच्या डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सची) आयगेनमूल्यं −२ आणि १/३ यायला हवीत. न्यू, म्हणजे संक्रमणाजवळ सहसंबंध लांबी किती वेगानं वाढते तो घातांक, हा ऋण आयगेनमूल्याचा चिन्ह बदलून व्यस्त, त्यामुळे न्यू = ०.५. वेगळं आलं तर बहुतेक डेरिव्हेटिव्हमधला ३ चा गुणक सुटलेला असतो, पुन्हा तपास.

०.५ बघून खचू नकोस, काटछाटच फार कडक आहे. ऱ्होचे वरचे घात एकेक वाढव, न्यू ०.६४९६ कडे स्थिरावतो. खरी किंमत ०.६३०, उरलेला फरक मुख्यतः डेरिव्हेटिव्ह पदं गाळल्याचा, कारण इथे ईटा (फील्डची असंगत मिती) शून्यच धरलेला असतो.

शून्य फील्डभोवती मात्र उलगडू नकोस. तिथे घात वाढवले तरी उत्तर नीट स्थिरावत नाही, आणि खोटे स्थिरबिंदूही डोकावतात.