आधी ते गाणं कुणाचं ते बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या जॅझ ट्रिओचं, पियानो-बास-ड्रमचं, रेकॉर्डिंग नीट बसून ऐकलं. तुझा हात छान तयार झालाय. पण हेड, म्हणजे सुरुवातीची मूळ चाल, संपलं की गाणं कुठलं होतं तेच विसरायला होतं; मागे उरतात नुसते कॉर्ड, एकत्र वाजणारे सूर. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांच्या, गाण्यांत हे मला फार खटकतं. नाटकातलं गाणं कुणीतरी, कुणाला तरी, ऐन प्रसंगात म्हटलेलं असतं. पियानोला हात लावण्याआधी तो प्रसंग तुला ठाऊक हवा.

ड्रमर शेली मॅनची 'माय फेअर लेडी' ही रेकॉर्ड ऐक. नाटक मार्च १९५६ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये ड्रमवर मॅन, पियानोवर आंद्रे प्रेव्हिन आणि बासवर लेरॉय व्हिनेगर यांनी त्यातली आठ गाणी वाजवली. रेकॉर्ड धडाक्यात खपली आणि नाटकाच्या गाण्यांची अख्खी जॅझ रेकॉर्ड काढायची लाटच आली. गोष्ट तुला परकी नाही. हे नाटक शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आलं, आणि पुलंची 'ती फुलराणी'ही त्यावरूनच.

त्यातलं 'आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस' घे. फुलं विकणारी एलायझा निघून गेलीय. तिला बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स चिडतो, तिचे पुढे कसे हाल होतील याची चित्रं रंगवतो, आणि मधेच कबूल करून बसतो की तिच्या चेहऱ्याची सवय झालीय. रंगमंचावर रेक्स हॅरिसन हे गाणं बरंचसं बोलूनच म्हणायचा. चाल वाद्यवृंद सांभाळायचा. नायकाच्या तोंडून जी चाल पुरती निघालीच नाही, ती इथे प्रेव्हिनची बोटं म्हणतात. एवढं कळलं की त्या सुरांवरून तुला घाईनं पुढे जाववणार नाही.

पियानिस्ट बिल इव्हान्सचं 'सम अदर टाइम' तर मला या सगळ्यांत जवळचं. ते ज्या नाटकातलं, ते 'ऑन द टाउन' १९४४ चं, युद्धकाळातलं. तीन खलाशांना न्यूयॉर्कमध्ये चोवीस तासांची सुट्टी. हे गाणं निरोपाचं. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये बासवर स्कॉट लाफॅरो आणि ड्रमवर पॉल मोशन यांच्या साथीनं इव्हान्सनं ते वाजवलं. डाव्या हाताला दोन कॉर्ड आलटूनपालटून. त्याच्याच १९५८ च्या 'पीस पीस' या रचनेचा पायाही तोच. निघायची वेळ झालीय आणि पाय निघत नाही, हे त्या दोन कॉर्डांत आहे. तिथे तू दहा नवे कॉर्ड घातलेस. काढून टाक.

पियानिस्ट ऑस्कर पीटरसनची १९६२ ची 'वेस्ट साइड स्टोरी' ही रेकॉर्डही ऐक, पण त्याच्या वेगाला भुलू नको. रे ब्राउनचा बास कुठे थांबतो ते बघ.

या गाण्यांना बहुधा आधी एक व्हर्स असतो, संवादातून गाण्यात आणून सोडणारा. जॅझमध्ये तो सहसा गाळतात. तूही गाळ, पण शब्दांसकट पाठ असू दे. आणि सोलोमध्ये मूळ चालीची ओळ अधूनमधून ऐकू येऊ दे. नाट्यपद मैफलीत कितीही रंगवलं तरी गवई मुखड्यावर येतोच ना!

पुढच्या तालमीला एकच गाणं घ्या. आधी तिघांनीही शब्द मोठ्यानं म्हणा, ड्रमरनंसुद्धा. सोलो एकेका कोरसचाच, म्हणजे गाण्याच्या एका आवर्तनाचाच, ठेवा. शेवटच्या हेडला चाल बासकडे दे, तू नुसते कॉर्ड धर. आणि ते रेकॉर्डिंग काटछाट न करता मला पाठव.