घटनात्मक राजेशाहीचा परंपरावादी कॅथलिकांना आज काही उपयोग आहे का?

फार थोडा, असं माझं मत. मी कॅथलिक आहे आणि लॅटिन मिस्सेवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लॅटिन भाषेतल्या उपासनेवर, जीव असलेले दोन-तीन परंपरावादी मित्र आहेत. राजेशाहीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी एकच नाव येतं, बेल्जियमचे राजे बोदुआँ.

१९९० साली तिथल्या संसदेने गर्भपाताचा कायदा मंजूर केला. तो सहीसाठी आला तेव्हा बोदुआँ यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, की माझं मन सही करू देत नाही. सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, मग एकट्या राजालाच का नाही? पण संसदेची अडवणूकही नको, तुम्हीच वाट काढा. मंत्र्यांनी घटनेतलं ८२ वं कलम शोधलं. राजा राज्य करायला असमर्थ झाला तर काय करायचं, याचं ते कलम. १९४० मध्ये बोदुआँ यांचे वडील जर्मनांच्या हाती सापडले, तेव्हा 'असमर्थ' ठरले होते. आता ४ एप्रिलला चांगल्या धडधाकट राजाला मंत्रिमंडळाने असमर्थ ठरवलं, कायद्यावर स्वतःच सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजांना कारभार परत दिला. राजाचं मन राहिलं, कायदाही झाला!

लक्झेंबर्गने तर तेवढीही फट ठेवली नाही. २००८ मध्ये ग्रँड ड्यूक आंरी इच्छामरणाच्या कायद्यावर अडून बसले, तेव्हा घटनेतून त्यांच्या संमतीची अटच काढून टाकली. स्पेनच्या राजाने २०१० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर गुपचूप सही केली. असा सह्याजीराव काय कामाचा, हे तिथले कार्लिस्ट, म्हणजे कट्टर कॅथलिक राजेशाहीवादी, १८३३ पासून म्हणत आलेत. त्यांना घटनेने बांधलेला राजा कधी पटलाच नाही.

अपवाद युरोपातल्या चिमुकल्या लिख्टेनश्टाइनचा. २०११ मध्ये युवराज आलोइस यांनी गर्भपाताला मोकळीक देणारा प्रस्ताव नाकारणार असं आधीच जाहीर केलं. सार्वमतात तो तसाही पडला. पुढच्या वर्षी त्यांचा नकाराधिकार कमी करावा का, यावर मतदान झालं, तर ७६ टक्के लोक 'नको' म्हणाले. गंमत बघा, राजसत्ता देवाकडून येते म्हणणाऱ्यांचा हा आवडता देश, आणि तिथली गादी टिकलीय मतपेटीवर.

२०२४ मध्ये पोप फ्रान्सिस बोदुआँ यांच्या कबरीपाशी जाऊन आले आणि त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू करू म्हणाले. लॅटिन मिस्सेवरच्या निर्बंधांमुळे एरवी फ्रान्सिस यांच्यावर रागावलेले माझे मित्र त्या दिवशी मात्र खूश होते.