घोड्याचा पाय, बाबासाहेबांचं बोट

प्रश्न : दर शिवजयंतीला व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार लढाईत गेला, एक पाय वर असेल तर जखमांनी गेला, चारही पाय जमिनीवर असतील तर अंथरुणावर गेला. मुलाला हे शाळेतल्या भाषणात घ्यायचं आहे. खरं आहे का? — एक पालक, बारामती

उत्तर : भाषणातून काढायला सांगा. महाराजांचं निधन १६८० साली रायगडावर आजारपणात झालं. मेसेजमधला नियम लावायचा तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक पुतळ्यात त्यांच्या घोड्याला चारही पाय टेकून उभं राहावं लागेल. पाय उचललेले किती घोडे तुम्हीच पाहिले असतील, मोजा. बाहेरचंही तेच. वॉशिंग्टनमध्ये अँड्र्यू जॅक्सन या राष्ट्राध्यक्षाचा १८५३ सालचा पुतळा आहे, घोडा मागच्या दोन पायांवर उभा. जॅक्सन १८४५ साली आपल्या घरी वारला. रोममधल्या मार्कस ऑरेलियसच्या घोड्याने एक पाय उचललाय, आणि तो सम्राट आजाराने गेला. झाशीच्या राणीच्या बाबतीत मेसेज जुळतो, म्हणून सगळ्यांना तो पटतो, एवढंच.

घोड्याचा पाय का उचलला हे इतिहासकाराला नाही, ओतकाम करणाऱ्याला विचारायचं. मी कोल्हापुरात आयुष्यभर शाडू, साचे आणि ब्राँझ यांतच हात काळे केले. उधळलेला घोडा मागायला कमिटी आली की आमचा पहिला प्रश्न असतो, "तिसरा टेकू कुठं देऊ?" दोन बारीक मागच्या पायांवर घोडा, खोगीर आणि स्वार असं सगळं वजन तोलायचं असतं. मग शेपूट जमिनीला टेकते, पोटाखाली खडक येतो, झुडूप येतं, तोफ येते. सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटचा १७८२ सालचा पुतळा आहे. त्याच्या घोड्याच्या खुराखाली साप आहे. साप म्हणजे राजाचे शत्रू असं तिथला गाइड सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण घोड्याची शेपूट त्याच सापाला टेकलेली आहे, हेही बघा. शत्रू चिरडला आणि पुतळाही तोलला! फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराला मी मनोमन हात जोडतो.

मुलाला भाषणात अर्थ सांगायचाच असेल तर पायाऐवजी जागेकडे बघायला सांगा. पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ पुतळा शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभा राहिला, शिल्पकार नानासाहेब करमरकर. पायाभरणी केली १९२१ साली इंग्लंडच्या युवराजाने आणि अनावरण केलं १९२८ साली गव्हर्नर लेस्ली विल्सनने. शिवाजी महाराजांचा पुतळा, आणि पडदा ओढणारा हात इंग्रजाचा. आता पुढचं ऐका. याच विल्सनचा पुतळा आमच्या कोल्हापुरात भर चौकात होता. १९४२ च्या चळवळीत तो विद्रूप केला गेला आणि १९४५ साली त्या जागी महाराज आले, बाबुराव पेंटरांनी घडवलेले. त्यासाठी भालजी पेंढारकरांनी कंबर कसली होती. मुंबईत गेटवेसमोरून पंचम जॉर्ज गेला आणि १९६१ साली तिथं महाराज आले. त्या जागी आधी कोण होतं हे कळल्याशिवाय पुतळा अर्धाच कळतो. मुलाने हे सांगितलं तर परीक्षक कान टवकारतील.

प्रश्न : बाबासाहेबांच्या पुतळ्याचं बोट नेहमी वर किंवा पुढे का असतं? आणि कोट निळाच का? मुलीने विचारलं, मला सांगता आलं नाही. — एक वाचक, नांदेड

उत्तर : नेहमी नव्हतं. आमच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे डिसेंबर १९५० मध्ये बसले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने. बाबासाहेब तेव्हा हयात होते. ते अर्धपुतळे आहेत, तिथं ना बोट, ना ग्रंथ. आज गावोगाव दिसणारी ढब रूढ झाली ती संसद भवनाच्या आवारातल्या १९६७ सालच्या पुतळ्यानंतर. शिल्पकार बी. व्ही. वाघ. एका हातात संविधान, दुसरा हात पुढे.

बोटाचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात. कुणी म्हणतं संसदेकडे, कुणी म्हणतं शाळेकडे. मला ते वर्गात उभ्या असलेल्या माणसाचं बोट वाटतं. बाबासाहेब प्राध्यापक होते, सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, बॅरिस्टर होते. मुद्दा मांडणाऱ्याचा हात असाच पुढे येतो.

निळा रंग शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा. बाबासाहेबांनी काढलेली ही संघटना १९४२ ची. ब्राँझ काही निळं नसतं. गावातल्या वर्गणीत ब्राँझ बसत नाही म्हणून सिमेंटचा पुतळा झाला, सिमेंटला रंग लागतो, आणि लोकांनी आपला रंग दिला. दिल्लीतल्या कुठल्या कमिटीने तो ठरवलेला नाही, म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो.

मुलीला एक गोष्ट मात्र जरूर दाखवा. गांधीजी आणि बाबासाहेब यांचे फोटो शेजारी ठेवा. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत अंगावरचे कपडे कमी केले आणि पंचा नेसला. बाबासाहेबांनी कोट, टाय, बूट सोडला नाही. ज्यांनी काय नेसावं हेही गावाने ठरवलं होतं, त्यांच्यातला माणूस कडक इस्त्रीच्या सुटात चौकात उभा राहतो, त्यात सगळं आलं. शिल्पकाराला तिथं वेगळं काही करावंच लागत नाही.

जाता जाता बोटाबद्दल धंद्यातली एक गोष्ट. विटंबना होते, मी पाहिली आहे, आणि ती करणाऱ्याला सोडू नये. पण कधीकधी आत घातलेली सळई पाणी शिरून गंजते, फुगते आणि सिमेंट फोडते. बोट सगळ्यात बारीक, ते आधी जातं. दर पावसाळ्याआधी मनगटापाशी केसाएवढी भेग दिसते का बघा आणि दिसली की लगेच बुजवून घ्या. गाव शांत राहील.

प्रश्न : राजघाटावर एवढ्या मोठ्या माणसाचा पुतळा का नाही? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिथं माणूस दाखवायचाच नव्हता. काळ्या दगडाचा ठेंगणा चौथरा, वर उघडं आकाश, 'हे राम' ही अक्षरं. वास्तुरचनाकार वानू भूता. जवळच शक्तिस्थळावर इंदिराबाईंसाठी अखंड उभा पाषाण ठेवला आहे. बापूंसाठी आडवं, बाईंसाठी उभं. दोन्ही ठिकाणी चेहरा नाही, तरी कोण आहे हे विचारावं लागत नाही.

प्रश्न : गावात यशवंतराव चव्हाणांचा पंधरा फुटी पुतळा बसवायचा आहे. तरुण मंडळींना चालत निघालेले साहेब हवेत, बजेट फायबरचं आहे. सल्ला द्या. — पुतळा समितीचा एक सदस्य, सांगली जिल्हा

उत्तर : आधी परवानगी. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. क्ले मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. पण त्यात चेहरा आणि प्रमाण बघतात, आतल्या लोखंडाची जबाबदारी तुमची. मालवणच्या राजकोटवरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर शिल्पकाराच्या ओळखीचा नको, तुमचा हवा.

चालणारी ढब सोपी नाही. सरदार पटेलांचा केवडियाचा पुतळा चालता आहे, म्हणून १८२ मीटरचं ते धूड खाली पायांपाशीच बारीक झालं आणि तिथंच अभियंत्यांचा कस लागला. आपले धुळ्याचे राम सुतार होते म्हणून निभावलं. यशवंतराव धोतर नेसत, ही तुमची जमेची बाजू. निऱ्यांच्या आत आधार लपवता येतो. पाऊल अर्धंच पुढे घ्या, तरुणांना तेवढं पुरेल.

आणि उंची नऊ फुटांवर आणा. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर साहेबांची समाधी आहे, तिथं माणूस जवळ जाऊन हात जोडतो. पंधरा फुटांवरचा चेहरा खालून बघितला तर नाकपुड्याच दिसतात. वाचलेल्या पैशात फायबरऐवजी ब्राँझ बसतं का ते ओताऱ्याला विचारा, आणि दरपत्रकात ब्राँझची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.